फरक स्पष्ट करा (गुण ३)

‘प्रोकॅरिओटिक आणि युकॅरिओटिक पेशींमधल्या एमआरएनए प्रोसेसिंगमधला फरक स्पष्ट करा.’ गुण तीन.

या प्रश्नाचं उत्तर मी झोपेतही देऊ शकतो. मनमाडमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवण्यात माझी आठ वर्षं गेली आहेत, तेव्हा ही फुशारकी नाही, कबुली आहे. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे जिवाणू, उजवीकडे आपण. डावीकडे कॅप नाही, उजवीकडे आहे. डावीकडे पॉली-ए टेल नाही, उजवीकडे आहे. डावीकडे इन्ट्रॉन नाहीत म्हणून स्प्लायसिंग नाही; उजवीकडे इन्ट्रॉन आहेत, ते कापून फेकले जातात. डावीकडे सगळं एकाच जागी, उजवीकडे आधी केंद्रकात, मग बाहेर. मुलं हे वहीत उतरवतात, वहीचा फोटो काढतात, फोटो ग्रुपवर जातो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तोच फोटो दोन बोटांनी मोठा करून पाठ होतो. तीनपैकी तीन.

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. बी.एस्सी. झालेली, हुशार, या प्रश्नात हमखास पूर्ण मार्क घेणारी. तिचं लग्न ठरत होतं आणि मुलाकडच्या कुणी तरी शहाण्या माणसाने दोघांचं रक्त आधी तपासून घ्या असं सुचवलं होतं. (‘शहाणा’ हा शब्द सरळ अर्थानेच वाचा.) रिपोर्ट फोनमध्ये होता. हिमोग्लोबिन ए-टू ५.३ टक्के, आणि खाली एक ओळ: बीटा थॅलेसेमिया ट्रेट. हिमोग्लोबिन कमी म्हणून ती कॉलेजपासून लोहाच्या गोळ्या खात होती, त्या कधीच लागू पडल्या नव्हत्या. आता कारण कळलं होतं, पण कारण म्हणजे काय ते कळत नव्हतं.

“सर, म्हणजे जनुकात चूक आहे. म्हणजे प्रथिन चुकीचं तयार होतं, सिकल सेलसारखं, हो ना?”

मी म्हणालो, “हो, तसंच.”

पुढे तिची डीएनए तपासणी झाली आणि चूक नेमकी कुठे आहे ते समजलं. रिपोर्टवर लिहिलं होतं: आयव्हीएस वन-फाइव्ह, जी टू सी. आयव्हीएस म्हणजे इंटरव्हीनिंग सीक्वेन्स. म्हणजेच इन्ट्रॉन. चूक तिच्या पहिल्या इन्ट्रॉनच्या पाचव्या अक्षरात होती. मी ज्याला फळ्यावर ‘कापून फेकला जातो’ असं म्हणून डस्टर फिरवायचो, त्या भागात. मी तिला दिलेलं उत्तर चूक होतं, आणि ते चूक असण्याचं कारण माझाच तक्ता होता.

म्हणून माझं म्हणणं असं की हा तक्ता बंद व्हायला हवा. तो अवघड आहे, अभ्यासक्रम जड होतो, हे नेहमीचं रडगाणं मी गाणार नाही. उलट, तो फार सोपा आहे. तो मुलांना असं पटवतो की हे प्रकरण संपलं.

डावीकडच्या रकान्यापासून सुरुवात करतो, कारण जास्त अन्याय त्याच्यावर होतो. तिथे सगळीकडे ‘नाही’ लिहिलेलं असल्यामुळे मुलांच्या डोक्यात जिवाणूचं चित्र तयार होतं ते एका दरिद्री, मागे राहिलेल्या पेशीचं. प्रत्यक्षात तिथे काय चाललेलं असतं? आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूत डीएनएवरून आरएनएची नक्कल उतरवणारं एन्झाइम सेकंदाला साधारण ४० ते ५० अक्षरं उतरवतं. नक्कल पुरी व्हायची वाट कुणी बघत नाही. तिचं पहिलं टोक बाहेर आलं की रायबोसोम त्यावर चढतो आणि वाचत वाचत प्रथिन बांधू लागतो. त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. तीन अक्षरांचं एक अमिनो आम्ल, सेकंदाला साधारण पंधरा अमिनो आम्लं. म्हणजे लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा वेग जवळपास सारखाच. १९७० साली ऑस्कर मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली याचे फोटो घेतले: डीएनएच्या धाग्याला लोंबणाऱ्या आरएनएच्या पट्ट्या आणि त्या प्रत्येक पट्टीवर मण्यांसारखे ओवलेले रायबोसोम. लॅक्टोज पचवायला लागणाऱ्या तीन प्रथिनांची माहिती तर हा जिवाणू एकाच पट्टीवर लिहितो. आणि काम झालं की काही मिनिटांत पट्टी मोडीत काढतो, कारण आतड्यातलं वातावरण जेवणागणिक बदलतं आणि जुना हुकूम पाळत बसणं त्याला परवडणारं नसतं. अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होणाऱ्या जीवाने कारभार असाच चालवायला हवा. कॅप, टेल, कापाकापी यांचं त्याला काही अडलेलं नाही.

आता उजवीकडचा रकाना. इथे मला मनमाडची मदत घ्यावी लागेल.

आमचं गाव जंक्शन म्हणून ओळखलं जातं, पण बाहेरच्या माणसाला यातली खरी गोष्ट माहीत नसते. मुंबईहून येणारी लाइन ब्रॉडगेज होती आणि इथून सिकंदराबादकडे निघणारी, निझामाच्या राज्यातून जाणारी, मीटर गेज. १९०० च्या आसपास सुरू झालेली ही लाइन १९९० च्या दशकात रुंद होईपर्यंत मनमाडला गाडी बदलावीच लागे. माणसं आपल्या पायांनी उतरून पलीकडे जात. माल मात्र एका वॅगनमधून उतरवून दुसरीत चढवावा लागे. माझे आजोबा त्या कामावर होते. ते म्हणायचे, माल रस्त्यात हरवत नाही, मनमाडला हरवतो. पोतं फाटायचं ते इथे, मोजणी चुकायची ती इथे, खूण नीट वाचली नाही म्हणून भलतंच पोतं फलाटावर राहायचं तेही इथेच.

आपल्या पेशीत केंद्रकाचं आवरण आहे म्हणजे मधे असं एक स्टेशन आहे. लिहिणं आत, वाचणं बाहेर. लिहिलेला आरएनए बाहेर जाण्याआधी त्याच्यावर काम होतं. पहिली वीस-तीस अक्षरं लिहून होतात न होतात तोच त्याच्या टोकाला एक उलटा जोडलेला ग्वानोसिन बसवला जातो, ती कॅप. शेवटी ‘ए’ या अक्षराची सुमारे दोनशेची माळ लावली जाते, ती टेल. कॅप म्हणजे निव्वळ सजावट नाही. रायबोसोमला आपला संदेश ओळखता येतो तो तिच्यामुळे, आणि कॅप नसलेला, टोकाला तीन फॉस्फेट उघडे असलेला आरएनए दिसला तर पेशीतले पहारेकरी तो विषाणूचा असावा असं समजून बोंब ठोकतात. यातलं एका पहारेकऱ्याचं नाव रिग-आय. म्हणजे कॅप हे आपल्या संदेशाचं ओळखपत्रही आहे. हे माझ्या तक्त्यात कुठे होतं? ‘कॅप: आहे.’ बस.

आणि मग इन्ट्रॉन. १९७७ पर्यंत जनुक म्हणजे एक सलग मजकूर अशीच सगळ्यांची समजूत होती. ती समजूत जिवाणूंवरून आली होती. ई. कोलायला जे लागू ते हत्तीलाही लागू, असा त्या पिढीचा भरवसा होता. मग एमआयटीत फिलिप शार्प आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरला रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी सर्दी-पडसं देणाऱ्या अ‍ॅडेनोव्हायरसचा एमआरएनए त्याच्या डीएनएशी जुळवून मायक्रोस्कोपखाली ठेवला, तर दोन धागे एकमेकांवर नीट बसेनात. डीएनएचे फास मधेमधे बाहेर लोंबत होते. तेवढा मजकूर डीएनएत होता, पण एमआरएनएतून कुणी तरी काढून टाकलेला होता. विषाणू आपल्याच पेशीची यंत्रणा वापरतो, त्यामुळे हा प्रकार आपल्याकडचाच, हे उघड झालं. १९९३ चं नोबेल या शोधाला मिळालं. त्या मायक्रोस्कोपवर प्रत्यक्ष बसलेल्या लुईझ चाऊ आणि शार्प यांच्याकडच्या सुझन बर्जेट यांना मात्र त्यात वाटा मिळाला नाही. पण तक्त्यात एवढ्या मोठ्या धक्क्यालाही जागा मिळत नाही, तिथे त्या दोघींची तक्रार कोण करणार?

आता बीटा ग्लोबिन घेऊ, कारण माझ्या विद्यार्थिनीचं प्रकरण तिथे आहे. हिमोग्लोबिनमधल्या या साखळीचं जनुक सुमारे १६०० अक्षरांचं. प्रथिनासाठी लागणारी अक्षरं त्यातली साडेचारशेच्या आत. ती तीन तुकड्यांत विखुरलेली आणि मधे दोन इन्ट्रॉन: पहिला १३० अक्षरांचा, दुसरा साधारण साडेआठशेचा. कुठून कापायचं हे कापणाऱ्या यंत्रणेला कसं कळतं? इन्ट्रॉनच्या सुरुवातीच्या खुणेवरून. बीटा ग्लोबिनच्या पहिल्या इन्ट्रॉनची सुरुवात डीएनएत अशी आहे: जी टी टी जी जी टी. पाचवं अक्षर ‘जी’चं ‘सी’ झालं की होतं जी टी टी जी सी टी. एवढंच. प्रथिनाच्या मजकुरातलं एकही अक्षर बदललेलं नाही. पण खूण पुसट झाली. यंत्रणेला योग्य जागा क्वचितच सापडते. बहुतेक वेळा ती आजूबाजूच्या भलत्याच, एरवी कधी न वापरल्या जाणाऱ्या जागांवर कापते. जोडला गेलेला संदेश निकामी निघतो. बीटा साखळी अगदी थोडी तयार होते.

सिकल सेलमध्ये मजकुरातला शब्दच चुकतो: सहाव्या अमिनो आम्लाच्या जागी भलतंच अमिनो आम्ल येतं आणि तयार झालेलं प्रथिन वाकडं वागतं. इथे मजकूर शुद्ध आहे. पोतं मनमाडला फाटलंय.

आणि हा कुठला दुर्मिळ नमुना नाही. भारतात बीटा थॅलेसेमियाचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे नेमका हाच बदल, आणि महाराष्ट्रातही तोच आघाडीवर आहे. मुंबईत केईएमच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं यावर काम झालेलं आहे. देशात शंभरातले तीन-चार लोक थॅलेसेमियाचे वाहक आहेत. काही समाजांत प्रमाण जास्त आहे, पण तो कुठल्याही एका समाजाचा आजार नाही. वाहकाला स्वतःला सहसा काही होत नाही, थोडं हिमोग्लोबिन कमी राहतं इतकंच. आई-बाप दोघंही वाहक असले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी की बाळाला दोन्हीकडून बिघडलेलं जनुक मिळेल. अशी दहा हजारांहून जास्त मुलं दरवर्षी या देशात जन्मतात. बाळ जन्मताना ठणठणीत असतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळ्या जनुकावर चालतं. ते हिमोग्लोबिन ओसरलं की बाळ पांढरं पडू लागतं. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त, त्या रक्तातून साठणारं लोह बाहेर काढायची औषधं, आणि हे सगळं जन्मभर. मनमाडहून नाशिकला रक्तासाठी मूल मांडीवर घेऊन जाणारी आई गाडीत शेजारी बसलेली असेल तर तिच्याकडे बघून तुम्हाला काहीच कळणार नाही.

हे टाळायला लागते ती एक रक्ततपासणी आणि ती समजून घेण्याइतकी अक्कल. पहिली गोष्ट आता बऱ्याच ठिकाणी मिळते. दुसरी आम्ही शिकवत नाही. थॅलेसेमिया एका धड्यात येतो, आनुवंशिक आजारांच्या यादीत. स्प्लायसिंग दुसऱ्या धड्यात, तक्त्यात. या दोन पानांच्या मधे कुणी पूल बांधत नाही. मुलीच्या होणाऱ्या सासूने विचारलं होतं, “हिच्या रक्तात दोष आहे का?” त्यावर बी.एस्सी. झालेल्या मुलीला, आणि तिला शिकवणाऱ्या मला, एक सरळ वाक्य बोलता येत नव्हतं.

आता तक्ता निदान बरोबर तरी आहे का ते बघू. जिवाणूंच्या एमआरएनएला पॉली-ए टेल नाही? ई. कोलायमध्ये ती लावली जाते. फक्त तिथे तिचा उपयोग उलटा आहे: आपल्याकडे टेल संदेशाला जगवते, तिथे ती त्याची विल्हेवाट लवकर लावते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो होतो, कारण ‘शेपूट: नाही / आहे’ असं मी शेकडो मुलांकडून घोकून घेतलं होतं. उजवीकडे सगळ्यांना टेल आहे? आपल्या पेशीत डीएनए गुंडाळणाऱ्या हिस्टोन प्रथिनांचे बहुतेक एमआरएनए टेलशिवायच असतात. जिवाणूंत इन्ट्रॉन नाहीत? काही जिवाणूंत आणि त्यांच्या विषाणूंत स्वतःच स्वतःला कापून बाहेर पडणारे इन्ट्रॉन आहेत. असा स्वतःला कापणारा आरएनए थॉमस चेक यांना १९८२ साली टेट्राहायमिना नावाच्या एकपेशीय जीवात सापडला आणि त्याबद्दल १९८९ चं नोबेल मिळालं. यातल्याच एका जातीचे, जिवाणूंमधले, इन्ट्रॉन हे आपल्या इन्ट्रॉनचे पूर्वज असावेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या गोष्टीवरून आम्ही दोघांमधे रेघ मारतो, ती बहुधा रेघेपलीकडूनच आपल्याकडे आली.

लिहिणं आणि वाचणं जोडीने चालतं, हे तरी सगळ्या जिवाणूंना लागू? २०२० मध्ये असं दिसलं की बॅसिलस सबटिलिस या जिवाणूत लिहिणारं एन्झाइम पहिल्या रायबोसोमला मागे टाकून पुढे पळतं. आणि आपल्याकडे आधी लिहिणं, मग कॅप, मग कापणं, मग टेल, असा जो क्रम मी बाणांनी दाखवायचो, तोही तसा नाही. कापाकापी बरीचशी लिहिणं चालू असतानाच होते. नाही तर डिस्ट्रोफिनसारख्या जनुकाचं काय झालं असतं? त्याची लांबी सुमारे २२ लाख अक्षरं, एकदा लिहून काढायला सोळा तास, आणि शेवटी हातात उरणारा संदेश चौदा हजारांचा. (माझी मनमाडची उपमाही इथे तोकडी पडते. आमच्याकडे निदान गाडी फलाटाला लागल्यावर हमाल आत शिरायचे.)

यावर कुणी म्हणेल, अपवाद सांगून नियम मोडत नाही. मान्य. तक्त्यातला मुख्य नियम ढोबळमानाने खराच आहे. पण मग तो नियम कशासाठी लागतो ते तरी सांगा. हा फरक ही जिवाणू आणि माणूस यांच्यातली गुणवत्ता यादी नाही. त्याच्यावर औषधं उभी आहेत. टीबीच्या गोळ्यांतली रिफॅम्पिसिन, जिने लघवी केशरी होते, ती जिवाणूचं लिहिणारं एन्झाइम अडवते. आपलं एन्झाइम वेगळ्या घडणीचं म्हणून रोगी वाचतो आणि जंतू मरतो. इन्सुलिनचं घ्या. १९७८ साली जिवाणूकडून माणसाचं इन्सुलिन करून घेतलं तेव्हा माणसाचं जनुक उचलून आत टाकलं नव्हतं. त्यात दोन इन्ट्रॉन आहेत आणि जिवाणूला ते कापता येत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी डीएनए प्रयोगशाळेत अक्षर अक्षर जोडून, इन्ट्रॉनशिवाय, नव्याने बांधला. आज ज्यांच्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या शेजारी इन्सुलिनची बाटली असते, त्यांच्या घरात हा फरक रोज वापरला जातो.

आणि लस. २०२१ मधला उन्हाळा आठवा. मनमाडच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरत होता: एमआरएनए लस तुमची जनुकं बदलते. तो पुढे ढकलणाऱ्यांत सायन्सचे पदवीधर होते, माझे विद्यार्थी होते, आणि ‘एमआरएनए प्रोसेसिंग: तीन गुण’ त्यांनी कधी सोडलेले नव्हते. गंमत अशी की त्या वेळी आपल्याकडे एमआरएनए लस मिळतच नव्हती. दंडात टोचली जात होती ती कोव्हॅक्सिन, म्हणजे मारलेला विषाणू, किंवा पुण्याच्या सीरमची कोव्हिशील्ड, म्हणजे चिंपांझीचा अ‍ॅडेनोव्हायरस. हो, १९७७ वाल्या विषाणूच्याच घराण्यातला. कोव्हिशील्डचा डीएनए तुमच्या पेशीच्या केंद्रकात जातो, तिथे तुमचीच यंत्रणा त्याच्यावरून एमआरएनए लिहिते, त्याला कॅप चढवते, टेल लावते आणि बाहेर पाठवते. तुमच्या स्वतःच्या जनुकांना त्यात कुणी हात लावत नाही. म्हणजे लोक ज्या लशीला घाबरत होते ती गावात नव्हती, आणि जी घेत होते तिने त्यांच्या दंडात बारावीचा तो अख्खा धडा करून दाखवला होता.

भारताची पहिली एमआरएनए लस त्यानंतर आली, पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीची, जून २०२२ मध्ये परवानगी मिळालेली. पावडर स्वरूपातली, साध्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर राहणारी. एमआरएनए लस साधारणपणे बनते कशी ते बघा. साच्याचा डीएनए ई. कोलायमध्ये वाढवतात. त्यावरून आरएनए लिहायला बहुतेक वेळा जिवाणूंना मारणाऱ्या टी-सेव्हन विषाणूचं एन्झाइम वापरतात. मग त्याला कॅप आणि टेल आपल्या पेशीच्या पद्धतीची, म्हणजे रायबोसोमने स्वीकारावं आणि पहारेकऱ्यांनी ओरडू नये. इन्ट्रॉन मुळातच नाहीत, म्हणून केंद्रकात जायची गरज नाही. अर्धी वस्तू डाव्या रकान्यातली, अर्धी उजव्या. माझ्या फळ्यावरच्या रेघेला ही लस कुठे बसवायची?

“सर, पण मार्क?” हा प्रश्न मी टाळणार नाही. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यातले ९० बायोलॉजीचे. एका प्रश्नाला एक मिनिट. तिथे तक्ता डोक्यात असलेला मुलगा पुढे जातो आणि ही सगळी गोष्ट आठवत बसलेला मागे राहतो. ज्या घरात क्लासची फी हप्त्याने भरली जाते, त्या घरातल्या मुलाला मी तक्ता विसर असं सांगू शकत नाही, आणि सांगतही नाही. माझं भांडण मुलांशी नाहीच. प्रश्न काढणाऱ्यांशी आहे आणि माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांशी आहे, ज्यांनी ‘फरक स्पष्ट करा’ या तीन शब्दांतला मधला शब्द कधी मनावर घेतला नाही. आम्ही फरक मांडतो. स्पष्ट काही करत नाही.

आमच्याकडे याला आणखी एक पदर आहे. मराठी माध्यमाचा मुलगा दहावीच्या पुस्तकात प्रतिलेखन आणि भाषांतरण शिकतो. दोन्ही शब्द चांगले आहेत, ऐकताच अर्थ लागतो: एका ठिकाणी नक्कल उतरवणं, दुसऱ्या ठिकाणी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणं. अकरावीला सायन्स घेतलं की पुस्तक इंग्रजी. गेज बदललं. त्या उतरवा-चढवीत काय काय फाटतं याची मोजणी कुणी करत नाही. तक्ता इथेच बळावतो, कारण ज्या भाषेत वाक्य करता येत नाही त्या भाषेत रकाने भरणं सोपं जातं. माझी विद्यार्थिनी ‘इन्ट्रॉन’ शब्द पाच वर्षं वापरत होती. तो शब्द तिच्या रिपोर्टवर आयव्हीएस असा वेगळ्या कपड्यांत आला आणि तिने ओळखला नाही. मीही नाही.

मुलाचा रिपोर्ट नॉर्मल आला. त्यांच्या मुलांना फार तर वाहकपण मिळेल, आजार नाही, हे दोन्ही घरांना बसून समजावलं. लग्न झालं.

यंदा जूनमध्ये मी तक्ता शेवटी देणार असं ठरवलं आणि आधी वर्गाला एक प्रश्न विचारला. माणसाचं बीटा ग्लोबिनचं जनुक जसंच्या तसं, इन्ट्रॉनसकट, ई. कोलायमध्ये टाकलं तर काय होईल? पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “सर, रायबोसोम चढणारच नाही. जिवाणूच्या रायबोसोमला चढायला त्याची स्वतःची खूण लागते, ती आपल्या जनुकात कुठून येणार?” बरोबर होतं. मी म्हटलं, समजा ती खूण आपण लावून दिली. मग?

“मग तो वाचत सुटेल. इन्ट्रॉन आला तरी थांबणार नाही, त्याला माहीतच नाही.”

“थांबेल की,” पुढची एक मुलगी म्हणाली. “चुकून कुठे तरी स्टॉप कोडॉन येईलच.”

मी म्हटलं, शोधा. जनुकाचा मजकूर सगळ्या जगाला खुला आहे, फोनवर उघडतो. पहिल्या इन्ट्रॉनची १३० अक्षरं त्यांनी फळ्यावर उतरवली आणि मागच्या तुकड्याच्या हिशेबाने तीन-तीनचे गट पाडायला सुरुवात केली. पहिलं अक्षर आधीच्या दोघांना जोडून घ्यायचं हे दोनदा चुकलं, दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा तीस निरर्थक अमिनो आम्लांनंतर टीजीए सापडला, ९२ व्या अक्षरापासून. तोवर तास संपून पुढच्या बॅचची मुलं दारात उभी होती. फळा पुसायला लागल्यावर तीच मुलगी म्हणाली, “सर, थांबा, तुम्ही त्या ताईंचं पाचवं अक्षर म्हणाला होतात ना?” आणि ती डावीकडून मोजायला लागली.